जुन्या लॅपटॉपसाठी हलका लिनक्स डेस्कटॉप: निवडताना नेमकं काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप २०११ सालचा, दुसऱ्या पिढीचा इंटेल आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि मूळची ५०० जीबी हार्ड डिस्क. विंडोज १० ला मिळणारी नियमित अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही. काम म्हणजे ब्राउझर, पत्रव्यवहार, हिशेबाच्या फायली, व्हिडिओ पाहणं आणि अधूनमधून ऑनलाइन बैठका. विंडोजच्या जागी लिनक्स घालायचं तर त्याच्या डेस्कटॉपांपैकी, म्हणजे पट्टी, मेन्यू आणि खिडक्या दाखवणाऱ्या भागांपैकी, एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, माटे की नुसता ओपनबॉक्स, यांतलं सगळ्यांत हलकं काय, हे तुम्हाला हवं आहे.

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. एक्सएफसीई घ्या. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार प्रणाली, म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, किंवा स्वतः थोडी जुळवाजुळव करायची तयारी असेल तर डेबियन १३. पण डेस्कटॉप ठरवण्याआधी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली जलद डिस्क, बसवा, आणि जमत असेल तर रॅम ८ जीबी करा. एवढं केलंत तर एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी आणि माटे यांच्यातला वेगाचा फरक रोजच्या कामात ओळखूही येणार नाही. नाही केलंत तर यांपैकी कुठलाच डेस्कटॉप त्या मशीनला वाचवणार नाही.

‘हलका’ या शब्दाची चर्चा बहुतेक वेळा एकाच आकड्याभोवती फिरते: लॉगिन केल्या केल्या किती रॅम खर्च झाली. ढोबळ अंदाज सांगायचा तर आइसडब्ल्यूएमसारखा नुसता विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा भाग) असलेली अँटीएक्स ही डिस्ट्रो २००-२५० एमबीच्या आसपास उभी राहते, एलएक्सक्यूटी ४००-५०० च्या घरात, एक्सएफसीई डिस्ट्रोप्रमाणे ५०० ते ८००, माटे त्याच्या थोडं वर, आणि ग्नोम हा मोठा डेस्कटॉप बहुधा १ जीबीच्या पुढे. हे आकडे पक्के नाहीत. तोच एक्सएफसीई डेबियनवर एक आकडा दाखवतो आणि मिंटवर दुसरा, कारण फरक डेस्कटॉपचा कमी आणि सोबत सुरू होणाऱ्या सेवांचा जास्त असतो.

आता ब्राउझर उघडा. एका टॅबमध्ये मेल, एकात व्हिडिओ, दोनतीन टॅबमध्ये जाहिरातींनी भरलेल्या बातम्या. दीड-दोन जीबी रॅम तिथेच गेली. एक्सएफसीईऐवजी एलएक्सक्यूटी घेऊन वाचवलेले शंभर-दोनशे एमबी म्हणजे एका जड टॅबची किंमत. ४ जीबीच्या मशीनवर त्यासाठी स्वतःला न आवडणारा डेस्कटॉप पत्करण्यात अर्थ नाही. १ जीबीच्या मशीनवर मात्र तेच २०० एमबी म्हणजे एकूण रॅमचा पाचवा भाग. म्हणून रॅम जितकी कमी तितकी डेस्कटॉपची निवड महत्त्वाची, आणि रॅम जितकी जास्त तितका हा प्रश्न आवडीनिवडीचा होत जातो.

रॅम मोजतानाही एक गफलत सर्रास होते. टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही कमांड दिली की अनेक रकाने येतात आणि नजर ‘फ्री’ नावाच्या रकान्यावर जाते. तिथे शंभर-दीडशे एमबी दिसले की लोक घाबरतात. पण लिनक्स रिकामी रॅम पडून राहू देत नाही, नुकत्याच वाचलेल्या फायली तिथे साठवून ठेवतो आणि गरज पडली की ती जागा लगेच मोकळी करतो. पाहायचा तो शेवटचा ‘अव्हेलेबल’ रकाना. नव्या प्रोग्रॅमला खरोखर किती रॅम मिळू शकते ते तोच सांगतो. साठवलेलं पुसून रॅम ‘मोकळी’ करण्याच्या युक्त्या सगळीकडे सापडतात. त्या वापरल्या की पुढचा प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो, म्हणजे मशीन आणखी संथ.

तेव्हा डेस्कटॉप कोणता हे विचारण्याआधी मशीन अडतंय कुठे ते शोधा. त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. टर्मिनलमध्ये ‘टॉप’ चालू ठेवा आणि बाजूला नेहमीचं काम करा: ब्राउझर उघडा, मोठी फाइल उघडा, व्हिडिओ लावा. वरच्या ओळींपैकी सीपीयूच्या ओळीत ‘डब्ल्यूए’ असं लिहिलेला एक आकडा असतो. प्रोसेसर डिस्ककडून काही मिळण्याची वाट पाहत किती टक्के वेळ बसून आहे, ते तो दाखवतो. प्रोग्रॅम उघडताना तो चाळीस-पन्नासच्या वर जाऊन तिथेच रेंगाळत असेल तर अडचण डिस्कची आहे. खालच्या यादीत ‘के-स्वॅप-डी’ ही प्रक्रिया वर येऊन बसली आणि स्वॅपचा, म्हणजे रॅम कमी पडल्यावर डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या जागेचा, आकडा फुगत चालला, तर रॅम कमी पडते आहे. डिस्क शांत, स्वॅप शून्य, तरी खिडकी सरकवताना धक्के बसतात आणि विंडो मॅनेजर किंवा पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर प्रोसेसर खातोय, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट लागलेला नाही. या तीन आजारांवर तीन वेगळी औषधं आहेत, आणि डेस्कटॉप बदलणं हे त्यांतल्या दोघांवर फारसं लागू पडत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय डिस्कचा येतो. लॅपटॉपमधली मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सलग वाचायला ठीक असते, पण विखुरलेले छोटे तुकडे वाचायला लागले की दर वेळी तिचं डोकं जागा बदलतं आणि तबकडी फिरून येण्याची वाट पाहतं. असे तुकडे ती सेकंदाला शंभरच्या आतच वाचू शकते. साधी साटा (डिस्क जोडण्याचा नेहमीचा प्रकार) एसएसडी तेच काम हजारोंच्या संख्येनं करते. लॉगिन होणं, ब्राउझर उघडणं, मेन्यूतली चिन्हं दिसणं ही सगळी विखुरलेल्या वाचनाची कामं. म्हणूनच एसएसडी बसवल्यावर तोच जुना प्रोसेसर एकदम तरतरीत वाटू लागतो. तुमच्या काळातल्या जवळपास सगळ्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्कच असते. स्क्रू काढून बदलण्याचं काम आहे. १२० किंवा २४० जीबीची एसएसडीही पुरेल, जुनी डिस्क बाहेरच्या कप्प्यात घालून साठवणीला वापरता येते.

आणि ती जुनी डिस्क साठवणीला ठेवण्याआधी तिची तब्येत तपासा. स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या नोंदी, वाचणारं साधन जवळपास प्रत्येक डिस्ट्रोत मिळतं. त्यात ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर’ या ओळींपुढे शून्याऐवजी वाढता आकडा दिसला तर डिस्क मरायला टेकली आहे. ‘सिस्टीम जड झाली’ म्हणून लोक ज्याची तक्रार करतात, त्यातला बराच भाग अशा डिस्कचा असतो. खराब तुकडा पुन्हा पुन्हा वाचण्याच्या प्रयत्नात सगळं मशीन थबकतं.

रॅमबद्दल: दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीला डीडीआर-थ्री लागते आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन खाचा असतात. ४ जीबीच्या दोन पट्ट्या टाकल्या की ८ जीबी. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

ग्राफिक्सच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. सँडी ब्रिज, म्हणजे तुमच्या दुसऱ्या पिढीचं, इंटेल एचडी ग्राफिक्स आजही मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातल्या क्रोकस ड्रायव्हरवर नीट चालतं. त्याहून बऱ्याच जुन्या मशीनांची स्थिती वेगळी आहे. २०२२ मध्ये मेसाने आपले जुने ‘क्लासिक’ ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून अँबर नावाच्या वेगळ्या शाखेत टाकले. इंटेलच्या जीएमए ९५० सारख्या जुन्या चिपवर आता डेस्कटॉप चालतो, पण सावल्या, पारदर्शकता, हलत्या खिडक्या यांची अपेक्षा करू नये. काही अ‍ॅटम नेटबुकांत पॉवर-व्हीआरवर आधारित ग्राफिक्स होतं, तिथे लिनक्सचा अनुभव कायमच कष्टाचा राहिला आहे. एन्व्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर कंपनीची ३४० आणि ३९० या मालिकांतली ड्रायव्हर आता बंद झाली आहेत. मुक्त नोव्हो ड्रायव्हर वापरा, साध्या कामाला तो पुरतो.

हे सगळं डेस्कटॉपशी जोडलेलं आहे ते कंपोझिटरमुळे. पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या एकत्र जुळवून एक चित्र तयार करणारा हा भाग ग्राफिक्स चिपवर काम करतो. चिपचा ड्रायव्हर नसेल तर तेच काम प्रोसेसरवर येऊन पडतं. ग्नोमला कंपोझिटर बंद करता येत नाही, त्याची सगळी मांडणीच त्यावर उभी आहे. म्हणून कमकुवत ग्राफिक्सच्या मशीनवर ग्नोम नको. एक्सएफसीईत तो एका खुणेवर चालू-बंद होतो. सेटिंग्जमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ उघडा, शेवटचा ‘कंपोझिटर’ टॅब, तिथली पहिलीच खूण काढा. बदल त्याच क्षणी लागू होतो. मात्र तुमच्या मशीनवर हे करू नका. कंपोझिटर बंद केला की व्हिडिओत आडवी चीर दिसू शकते, वरचं अर्धं चित्र एका क्षणाचं आणि खालचं दुसऱ्या. तुमची चिप हा भार सहज पेलते. ही युक्ती खरोखर दुबळ्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवा.

आता डेस्कटॉपांकडे वळू.

एक्सएफसीई १९९६ पासून चालू आहे आणि मला त्याच्यात सगळ्यांत जास्त मोलाची वाटते ती त्याची सावकाश चाल. ४.१८ डिसेंबर २०२२ मध्ये आली, ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये. दोन वर्षांत एक आवृत्ती, आणि तीही तुमची घडी विस्कटत नाही. जुन्या मशीनवर बसवलेला डेस्कटॉप बहुधा अशा माणसासाठी असतो ज्याला संगणक शिकायचा नाही, काम करायचं आहे. आज जिथे मेन्यू आहे तिथे तो चार वर्षांनीही असावा, ही साधी अपेक्षा एक्सएफसीई पाळतो. त्याच्यात सगळं भरलेलं आहे: पॅनेल, थुनार हा फाइल मॅनेजर, बॅटरी सांभाळणारा भाग, दोन पडद्यांची मांडणी, कळफलकाच्या खुणा. आणि फायरफॉक्स, जिंप यांसारखे नेहमीचे प्रोग्रॅम ज्या जीटीके लायब्ररीवर (खिडक्या, बटणं काढणारा सामाईक कोड) चालतात तिच्यावरच एक्सएफसीईही चालतो. एकच लायब्ररी एकदा रॅममध्ये आली की सगळे तिचा वाटा घेतात. ‘लॉगिन केल्यावर किती रॅम’ या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही, पण काम सुरू केल्यावर ती कामी येते.

एलएक्सक्यूटी हा एलएक्सडीई आणि रेझर-क्यूटी या दोन प्रकल्पांच्या एकत्र येण्यातून झाला. उबंटूच्या लुबंटू या हलक्या रूपाने २०१८ मधल्या १८.१० आवृत्तीपासून तो घेतला. रचना विंडोजच्या जुन्या मांडणीसारखी, खाली पट्टी आणि कोपऱ्यात मेन्यू. उघडायला चपळ, आणि २ जीबीच्या मशीनवर मी हाच बसवते. पण क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीवर असल्याने फायरफॉक्स उघडताक्षणी जीटीकेही रॅममध्ये येते, आणि सुरुवातीला दिसलेली बचत थोडी कमी होते. सेटिंग्ज अनेक छोट्या खिडक्यांत विखुरलेल्या आहेत. नवख्या माणसाला तिथे चुकल्यासारखं होतं. जुना एलएक्सडीई आजही काही ठिकाणी सापडतो. तो जीटीके-२ वर अडकलेला आहे, नव्याने घेऊ नका.

माटे म्हणजे २०११ मध्ये ग्नोम ३ आल्यावर ग्नोम २ ची जी परंपरा चाहत्यांनी पुढे चालवली ती. उत्तम डेस्कटॉप आहे. वर एक आणि खाली एक पट्टी ज्यांच्या हाताला बसलेली आहे त्यांनी बेलाशक घ्यावा. वजनात एक्सएफसीईचा शेजारी.

तुमच्या यादीत नसलेल्या केडीई प्लाझ्माबद्दलही सांगते, कारण ‘प्लाझ्मा म्हणजे जड’ हा समज जुना झाला आहे. एसएसडी आणि ८ जीबी असेल तर तो तुमच्या मशीनवर चालेल. फायलींची यादी बनवणारा बालू हा भाग मात्र बंद ठेवा. हार्ड डिस्कवर तो पहिले काही दिवस मशीन नकोसं करतो.

राहिला ओपनबॉक्स, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण याबाबतीत लोकांची फसगत होते. ओपनबॉक्स, फ्लक्सबॉक्स, जेडब्ल्यूएम हे विंडो मॅनेजर आहेत, डेस्कटॉप नाहीत. खिडक्यांना चौकट देणं, हलवणं, लहानमोठं करणं एवढंच त्यांचं काम. ते काही एमबीत बसतात हे खरं. पण डेस्कटॉप म्हणून आपण जे गृहीत धरतो त्यातलं बाकी सगळं तुम्हाला एकेक करून जोडावं लागतं. वायफायसाठी नेटवर्कचं चिन्ह, आवाजाचं चिन्ह, पेन ड्राइव्ह आपोआप उघडणं, सूचना दाखवणारा भाग, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा. बॅटरी सांभाळणारा भाग जोडला नाही तर बॅटरी संपत आल्याची सूचनाच येत नाही, लॅपटॉप काम चालू असताना विझतो. आणि पॉलकिट एजंट जोडला नाही तर प्रकार आणखी चमत्कारिक. पासवर्ड विचारून पुढे जाणारा एखादा प्रोग्रॅम, समजा पॅकेज बसवणारा, तुम्ही मेन्यूतून उघडता आणि काहीच होत नाही. खिडकी नाही, चूक दाखवणारा संदेश नाही. पासवर्ड विचारणारी खिडकी दाखवण्याचं काम ज्याचं, तोच तिथे नसतो. ज्याला हे माहीत नाही तो तासन् तास ड्रायव्हर आणि पॅकेज उलटसुलट बसवत राहतो. हे सगळे भाग जोडून झाल्यावर रॅम मोजलीत तर तुम्ही एलएक्सक्यूटीच्या बऱ्यापैकी जवळ आलेले असता.

म्हणून नुसता विंडो मॅनेजर दोघांनीच घ्यावा: ज्याला अशी बांधणी करण्यातच आनंद आहे त्याने, आणि ज्याच्याकडे १ जीबी किंवा त्याहून कमी रॅम आहे त्याने. दुसऱ्या प्रकारच्या माणसाने स्वतः बांधणी करण्याऐवजी अँटीएक्स घ्यावी. तिच्यात आइसडब्ल्यूएमसोबत हे सगळे भाग आधीच जोडून दिलेले आहेत आणि ते विचारपूर्वक जोडलेले आहेत. तरीही १ जीबीत आजचं वेब सुखानं चालणार नाही, हे मनाशी धरूनच पुढे जा. असं मशीन लिहायला, गाणी ऐकायला, घरातल्या फायली वाटायला छान.

३२ बिट प्रोसेसरचा प्रश्न तुम्हाला नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या अनेकांना असेल. कोअर डुओ आणि अ‍ॅटम एन२७० हे फक्त ३२ बिट आहेत. कोअर २ डुओपासून पुढचे ६४ बिट. अशा प्रोसेसरवर ३२ बिट प्रणाली बसलेली असली तरी ती काढून ६४ बिट घाला. खरोखरच ३२ बिट असलेल्यांसाठी दारं भराभर बंद होत आहेत. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये आवृत्ती १४५ पासून ते सोडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ आणि तिच्यावर बेतलेली अँटीएक्स २३ हा त्यांचा शेवटचा भरवशाचा आधार, आणि तोही काही वर्षांपुरता.

डिस्ट्रो निवडताना डेस्कटॉपइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिची आयुर्मर्यादा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतनं मिळणार आहेत. झुबंटू (उबंटूचं एक्सएफसीई असलेलं रूप) आणि लुबंटू २४.०४ यांना मात्र तीनच वर्षं, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. शिवाय उबंटू परिवारात फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात, म्हणजे लागणारं सगळं स्वतःसोबत आणणाऱ्या बंदिस्त पॅकेजात, येतो. मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा तो उघडायला हार्ड डिस्कवर चांगलाच वेळ खातो. मिंट तोच फायरफॉक्स साध्या पॅकेजच्या रूपात देते. एक्सएफसीई दोन्हीकडे तोच असला तरी याच कारणासाठी मी मिंट सुचवते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सचा विचार मनात असेल तर तो सोडा. त्याच्या दहाव्या आवृत्तीला हॅसवेल (इंटेलची चौथी पिढी) किंवा त्यानंतरच्या प्रोसेसरमध्ये असलेल्या सूचना लागतात, तुमच्या आय-थ्रीत त्या नाहीत.

बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे काहीही न बसवता, चालवून पाहा. वेग मोजण्यासाठी नव्हे, पेन ड्राइव्ह संथच असतो. पाहायचं ते हे: वायफाय लागतं का, झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, उजेडाच्या आणि आवाजाच्या कळा चालतात का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का. झोपेतून न उठणारा लॅपटॉप कितीही हलका असला तरी रोज त्रास देतो. ब्रॉडकॉमचं जुनं वायफाय असेल तर फर्मवेअर वेगळं बसवावं लागू शकतं, तेवढ्यापुरती नेटची तार किंवा फोनचं टेदरिंग हाताशी ठेवा. आणि एक बारकी गोष्ट: जुन्या लॅपटॉपच्या बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. मग बॅटरी काढली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळावर प्रमाणपत्र अवैध असल्याचं सांगतो. नवीन प्रणालीत बिघाड आहे असं वाटतं, पण तारीख दुरुस्त केली की सगळं चालू लागतं.

बसवून झाल्यावर करण्यासारखं सगळ्यांत उपयोगी काम म्हणजे झेडरॅम. रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून राखायचा आणि त्यात जाणारा मजकूर दाबून ठेवायचा. साधारण दोन-तीन पट दाबला जातो, त्यामुळे ४ जीबीचं मशीन कामाला साडेपाच-सहा जीबी असल्यासारखं वागतं. मोबदल्यात प्रोसेसरचा थोडा वेळ जातो, पण डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा हे कितीतरी जलद. फेडोराने हे २०२० पासून मुळातच चालू ठेवलं आहे. डेबियन आणि मिंटमध्ये एक पॅकेज बसवायचं एवढंच. त्यासोबत ‘स्वॅपिनेस १० करा’ हा जुना सल्ला मात्र पाळू नका. तो डिस्कवरच्या स्वॅपसाठी होता. झेडरॅम असताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, स्वॅप मोकळेपणानं वापरू द्यायचा असतो, आकडा १०० किंवा त्याहून वर ठेवला तरी चालतो.

सोबत ‘अर्लीऊम’ बसवा. रॅम पूर्ण भरली की लिनक्स कित्येक मिनिटं गोठून बसतो, माऊससुद्धा हलत नाही. अर्लीऊम त्याच्या आधीच सगळ्यांत जड प्रक्रिया बंद करतं. एखादा टॅब जातो, पण लिहीत असलेलं पत्र वाचतं.

मग ‘सेशन अँड स्टार्टअप’ उघडून आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी पाहा. ब्लूटूथ वापरत नसाल तर त्याचं चिन्ह काढा, प्रिंटर नसेल तर त्याचंही. अद्यतनांची आठवण करणारा भाग काढू नका. ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन घाला. जाहिराती आणि मागोवा घेणाऱ्या स्क्रिप्ट थांबल्या की जुन्या प्रोसेसरवर पानं उघडण्यात जो फरक पडतो, तो कुठल्याही डेस्कटॉप-बदलाने पडत नाही. कर्नलची सुरक्षा-कवचं बंद करून वेग मिळवण्याचा सल्लाही तुमच्या वाचनात येईल. ज्या मशीनवर रोज अनोळखी संकेतस्थळं उघडायची, तिथे ते करू नये.

व्हिडिओबद्दल थोडं तपशिलात. तुमच्या चिपमध्ये एच.२६४ हा व्हिडिओचा प्रकार उलगडण्याची सोय आहे, पण यूट्यूब सहसा व्हीपी९ किंवा एव्ही१ हे दुसरे प्रकार पाठवतो आणि तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो. पंखा ओरडतो, चित्र अडखळतं. एच.२६४ मागायला लावणारं छोटं एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये घाला. सँडी ब्रिजसाठी इंटेलचा जुना आय९६५ व्हीए ड्रायव्हर लागतो, नवा मीडिया ड्रायव्हर या चिपला ओळखत नाही. ‘व्हीएइन्फो’ ही कमांड दिल्यावर एच.२६४ च्या ओळी दिसल्या की ड्रायव्हर लागला. इंटेल ग्राफिक्सवर फायरफॉक्स ११५ पासून ही सोय आपोआप वापरतो. ७२०पीला मग प्रोसेसर निवांत राहतो.

ऑनलाइन बैठकीत ही मदत फारशी मिळत नाही, कारण तिथे तुमचं चित्र दाबून पाठवण्याचं कामही प्रोसेसरलाच करावं लागतं. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय बंद ठेवा, तीच सगळ्यांत जास्त ताण देते. चित्राची प्रत ३६०पीवर आणा, सगळे चेहरे एकदम दाखवणारी मांडणी सोडून बोलणाऱ्याचाच चेहरा दिसेल अशी ठेवा, आणि बैठकीपुरते बाकीचे टॅब मिटा. तरीही अर्ध्या तासानं आवाज तुटू लागला तर ‘सेन्सर्स’ कमांडने तापमान पाहा. नव्वद अंशांच्या आसपास असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आहे. तेव्हा मागचं झाकण उघडून पंख्यातली आणि जाळीतली धूळ काढायची आणि थर्मल पेस्ट बदलायची.